आचार्य विनोबांचे बालपण आणि दैवी संपत्तीचे बीजारोपण

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या प्रारंभी भगवंतांनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले आहेत. त्या मालिकेत अग्रस्थान अभयाला दिले आहे. दान, अक्रोध, शांती, दया, क्षमा इत्यादी गुण त्याच्या पुढे क्रमाने येतात. हे श्लोक मुलांकडून पाठ करून घेणे फारसे कठीण नाही. परंतु पाच-सात वर्षांच्या बालकाच्या अंतःकरणात हे गुण उतरवावयाचे कसे, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढे उभा असतो. मूल अंधाराला भिते, खाऊ लपविते, रागाच्या भरात हाती लागेल ते आपटते, घरात दुसऱ्याचे कौतुक झाले की हिरमुसते. हे सर्व स्वाभाविकच आहे. त्यावर कोणी धाक दाखवितात, कोणी उपदेश करतात, तर कोणी तिकडे काणाडोळा करतात. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातील एका साध्या घरात याहून निराळा उपाय योजला गेला. त्या घरातील मुलगा पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने सर्व देशास परिचित झाला. आपल्या बालपणीच्या आठवणी त्यांनी प्रवचनांतून वारंवार सांगितल्या आहेत. त्यांच्या आधारे हे लहानसे चरित्र गृहस्थ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. तेव्हा तो भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे; आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. शास्त्रीय दृष्टीचे, नियमित आणि मितभाषी असे ते गृहस्थ होते व कापड रंगविण्याच्या विद्येत त्यांना विशेष गोडी होती. गागोद्याच्या घरी आजोबा शंभुराव, आजी आणि आई रुक्मिणीबाई असा परिवार होता. रुक्मिणीबाईंचे शिक्षण फारसे झालेले नव्हते. पण घरकाम करताना त्यांच्या मुखी अखंड भजन असे. थोरल्या मुलास त्या विन्या म्हणत.

विन्या लहानपणी भित्रा होता. एकदा रात्री दिव्याच्या उजेडात त्याला भिंतीवर एक प्रचंड आकृती दिसली. तो घाबरून आईकडे धावला. वास्तविक ती त्याचीच छाया होती. अशा वेळी भित्रा म्हणून मुलाला हसणारे पुष्कळ भेटतात. काहीच नाही, झोप आता, असे म्हणून विषय संपविणारेही असतात. रुक्मिणीबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. भिंतीवरचा तो मनुष्य तुझा गुलाम आहे, तू उभा राहिलास की तो उभा राहील, तू बसलास की त्याला बसावेच लागेल, असे त्यांनी त्याला सांगितले. विन्याने उठून पाहिले, बसून पाहिले. ती आकृती खरोखरच त्याच्या आज्ञेत वागत होती. भय गेले. भुतांविषयीही त्यांचे सांगणे असेच सोपे होते. परमेश्वराच्या भक्ताला भूत कधी त्रास देत नाही. तरीही भीती वाटली तर हाती कंदील घ्यावा आणि मुखाने रामनाम घ्यावे. या सांगण्यात कंदीलही आहे आणि नामही आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलाची भीती खरी आहे हे त्यांनी मान्य केले, आणि मग तिच्यावर चालून जाण्याचे साधन त्याच्या हाती दिले.

हिंसेच्या वृत्तीविषयीही तसेच. हाती काठी आली की मुलगा दिसेल त्या वस्तूवर ती मारीत सुटतो. विन्या घरातील खांबांवर काठी मारीत असे. आई त्याला थांबवी. खांब हीदेखील परमेश्वराचीच मूर्ती आहे, त्याला उगाच त्रास कशासाठी द्यावयाचा, असे ती विचारी. खांबाला वेदना होत नाहीत हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु मारण्याची सवय हाताला एकदा जडली की पुढे खांब कोणता आणि वासरू कोणते हा विवेक राहत नाही.

आजोबा शंभुराव मोठे उपासक होते. ते पूजेस बसले असता एके दिवशी एक विंचू येऊन देवाच्या मूर्तीवर बसला. घरातील माणसे त्याला मारावयास धावली. आजोबांनी सर्वांना थांबविले. जो देवाला शरण आला आहे त्याला कोणीही हात लावू नये, असे सांगून त्यांनी शांतपणे पूजा पुरी केली. काही वेळाने विंचू आपल्या वाटेने निघून गेला. संकटसमयी वडीलधाऱ्यांचा आवाज चढत नाही, हे मुलाने जवळ उभे राहून पाहिले. शांती हा शब्द त्याला शिकविण्याची मग आवश्यकता उरली नाही.

गणेशचतुर्थीस आजोबा चंदनाची मूर्ती करीत. त्यासाठी घरातील मुले चंदन उगाळीत बसत. कित्येक घटका खपून, सर्वांच्या हातांनी सिद्ध झालेली ती मूर्ती काही दिवस पुजली जाई आणि अखेर तिचे विसर्जन होई. एवढ्या श्रमाने केलेला देव पाण्यात सोडताना मुलांना वाईट वाटे. परंतु जे प्रेमाने उभे करावयाचे ते वेळ येताच प्रेमानेच सोडावयाचे, हा धडा त्यातून वर्षानुवर्षे मिळत गेला. प्रिय वस्तू गेली म्हणून आकांत करणाऱ्या बालकाला अनासक्तीची व्याख्या सांगून काय उपयोग? त्याने चंदन उगाळावे आणि विसर्जनासही यावे, एवढी सोय आजोबांनी करून ठेविली होती.

आता दानाचा प्रकार पाहू. भोजनापूर्वी तुळशीला पाणी घातलेस काय, असे आई प्रतिदिनी विचारी. नसेल घातले तर आधी ते काम, मग भोजन. परसातील फणस पिकला म्हणजे आई तो फोडी, गरे पानांच्या द्रोणांत भरी आणि ते घरोघर पोहोचविण्यास विन्यालाच पाठवी. फणसाचा घमघमाट नाकात असताना दुसऱ्यांच्या दारी द्रोण नेऊन देणे हे लहान मुलास सोपे नव्हे! सर्वांना वाटून झाल्यावर मग ती मुलांना जवळ बसवून गरे देई. जो देतो त्याला देव म्हणावे व जो स्वतःसाठी राखून ठेवतो त्याला राक्षस म्हणावे, असे ती सांगे. यज्ञ करून उरलेले अन्न सेवन करणारे सज्जन पापमुक्त होतात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्या श्लोकाचा अर्थ विन्याला फणसाच्या द्रोणांतून कळला.

शेजारची गृहिणी परगावी गेली की रुक्मिणीबाई त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करून देत. मात्र आधी आपल्या घरचा स्वयंपाक आटोपून मग त्या तिकडे जात. एकदा विन्याने आईला हटकले. आधी आपले आणि मग शेजाऱ्यांचे, हा स्वार्थच नव्हे काय, असे त्याचे म्हणणे. आई रागावली नाही. शेजाऱ्यांचा स्वयंपाक आधी केला तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत अन्न थंड होऊन जाईल. म्हणून आपले थंड झाले तरी चालेल, पण त्यांचे गरम असावे, असे तिने समजावून सांगितले. मुलाने आईची चूक काढावी आणि आईने त्यास उद्धट न म्हणता कारण सांगावे, ही गोष्ट आजच्या घरांतही सर्वत्र आढळते असे नाही.

गागोद्याच्या घरात एक अंध वृद्ध राहत. मुले त्यांना काका म्हणत. त्यांचे खाणेपिणे, उठणेबसणे घरच्या माणसाप्रमाणेच चाले. १९०५ च्या सुमारास हे कुटुंब बडोद्यास गेले. काका मात्र गागोद्यासच राहिले. काही काळाने ते निवर्तल्याचे पत्र बडोद्यास आले. आप्ताच्या मृत्यूची वार्ता आली म्हणजे घरात स्नान करण्याची रीत होती. या वेळी मात्र आईने स्नानास सांगितले नाही. विन्याने कारण विचारले, तेव्हा त्याला प्रथमच कळले की ते काका आपले कोणी नातलग नव्हते. निराधार होते म्हणून त्यांना घरात आश्रय दिलेला होता. इतकी वर्षे आपण एका परक्या माणसाला आश्रय दिला आहे, याचा उच्चार त्या घरात मुलांच्या कानी कधी पडलाच नव्हता! दया करावी, पण तिचा डंका वाजवू नये, हे शिकविण्याचा याहून प्रभावी मार्ग कोणता असेल?

वडील बडोद्याहून दिवाळीस घरी येत. एका दिवाळीत ते मिठाई आणतील असे आईने मुलास सांगितले होते. वडील येताच विन्या धावत गेला. त्यांनी हाती एक चौकोनी पुडके दिले. पेढे-बर्फी असेल या आशेने त्याने ते उघडले, तो आत मुलांसाठी लिहिलेली रामायण आणि महाभारत ही पुस्तके निघाली. तो ती घेऊन आईकडे गेला. ती पाहून आईचे डोळे भरून आले. वडिलांनी आणली आहे त्याहून चांगली मिठाई असूच शकत नाही, असे ती म्हणाली. निराश होण्याच्या क्षणी मुलगा आईच्या मुखाकडे पाहतो आणि तेथे जे दिसेल ते स्वतः घेतो. तेथे त्याला आनंद दिसला. वाचनाची ती गोडी विनोबांना जन्मभर पुरली.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. हेच वडील बडोद्यास मुलाला शिस्तीसाठी मारीत. हाडांना इजा होणार नाही अशा बेताने मारीत, असे विनोबा पुढे विनोदाने सांगत. जवळजवळ नित्याचा झालेला तो मार एके दिवशी अकस्मात थांबला. विन्याला नवल वाटले. मग त्याच्या लक्षात आले की आपल्याला सोळावे वर्ष लागले आहे. पुत्र सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, हे शास्त्रवचन वडिलांनी अक्षरशः पाळले होते. शास्त्र आपल्या सोयीसाठी नसून आपल्याला बांधण्यासाठी असते, ही वडिलांची निष्ठा थोर खरीच. विनोबांच्या मनात वडिलांविषयी कटुता राहिली नाही. तथापि मुलांना मारू नये, असेच त्यांनी पुढे लोकांना सांगितले. मारामुळे मूल देहाच्या दुःखाला भ्यावयास शिकते, आणि जो आज बापाच्या काठीपुढे नमतो तो उद्या कोणाही दांडग्याच्या काठीपुढे नमेल, अशी त्यांची विचारसरणी होती. ज्या संपत्तीचा आरंभच अभयाने होतो ती भयाच्या साधनाने कशी प्राप्त व्हावी?

मुलगा मोठा होत गेला तसे त्याचे प्रश्नही तीक्ष्ण झाले. घरी शिकावयास ठेवलेला एक गरीब विद्यार्थी होता. शिळे अन्न उरले तर आई ते स्वतः खाई किंवा विन्याला देई. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे वाढी. सर्वांना समान लेखावे असे तू सांगतेस, मग हा भेद कसा, असे विन्याने विचारले. आईने भेद आहे हे तत्काळ कबूल केले. तो विद्यार्थी अतिथी असल्याने त्याच्या ठिकाणी मला देव दिसतो, तुझ्या ठिकाणी मात्र अजून पुत्र दिसतो व आसक्ती आहे. ज्या दिवशी तुझ्यातही देव दिसेल त्या दिवशी हा भेद राहणार नाही, असे तिने सांगितले. आपल्यातील उणीव इतक्या सरळपणे मुलापुढे मांडणारी माता विरळा.

दुसऱ्या एका प्रसंगी दारी एक धडधाकट भिकारी आला. आईने त्याला भिक्षा घातली. अशाला देणे म्हणजे आळसाला उत्तेजन देणे होय, असा विन्याने आक्षेप घेतला. देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, असे गीतेचेही वचन असल्याने हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. पण दारी आलेल्याची पात्रता ठरविणारे आपण कोण, आपल्या दृष्टीने तो परमेश्वरच, असे आईने उत्तर दिले. विनोबांना या युक्तिवादाचे खंडन कधी करता आले नाही, असे ते स्वतःच सांगत. येथे तर्कात कोण जिंकले हा मुद्दा नव्हे. मुलाला दारी आलेल्या माणसाचा तिटकारा वाटू लागला होता, तो तिने वेळीच आवरला.

एकदा आईने देवाला तांदळाचे एक लक्ष दाणे वाहण्याचा संकल्प केला. ती रोज दाणे मोजीत बसे. वडिलांनी हिशेबी दृष्टीने सुचविले की एक तोळा तांदूळ तोलावा, त्यातील दाणे मोजावे आणि त्या मानाने लक्ष दाण्यांचे वजन काढावे. आईला उत्तर सुचेना. तिने सायंकाळी मुलालाच विचारले. विन्याने सांगितले की हे गणित नव्हे. दाण्यागणिक देवाचे स्मरण होते, म्हणून दाणे मोजावयाचे. आईला संतोष झाला. जी माता मुलाला शिकविते तीच त्याला विचारावयासही संकोचत नाही, असे हे घर होते.

परंतु या सर्वांहून खोल संस्कार झाला तो आणखी एका दृश्याचा. सर्वांची जेवणे झाली, घरकाम आवरले की रुक्मिणीबाई देवापुढे बसत. पूजा करून शेवटी दोन्ही हातांनी आपले कान धरीत आणि दिवसभरात घडलेल्या अपराधांची क्षमा मागत. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत. मूल हे पाही. ज्या आईच्या हातून त्याला काहीच चूक होताना दिसत नाही ती आई चुकांसाठी रडते आहे, हे पाहिलेल्या मुलास अपराध लपविण्याची गरज वाटत नाही. क्षमा मागणे लाजिरवाणे नाही हे त्याला आपोआप कळते.

बडोद्यास गीतेवर प्रवचने चालत. आई ऐकावयास जाई, पण संस्कृत कळत नसे. तिने मराठी गीता आणून देण्यास सांगितले. विन्याने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही तिला कठीण वाटली. याहून सोपी दुसरी नाही असे कळल्यावर, मग तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले. संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्याचे काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकास हा प्रसंग नेहमी अंतर्मुख करतो. तरुण मुलावर एवढा विश्वास टाकणे हीदेखील मोठी देणगी होय.

अशा रीतीने निर्भय झालेला मुलगा एके दिवशी घर सोडून जाणार, हे ओघानेच आले. विनायकाने आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळली. आता नको असली तरी राहू देण्यास काय हरकत, एवढेच आईने विचारले. २५ मार्च १९१६ रोजी परीक्षेसाठी मुंबईस निघालेला मुलगा वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची महात्मा गांधींशी भेट झाली आणि आश्रमात विन्याचे विनोबा झाले. ज्या माऊलीने निर्भयता आणि त्याग हे पाठ शिकविले, त्यांची किंमत तिलाच मोजावी लागली. मुलांना सद्गुणी करू इच्छिणाऱ्या आईबापांनी हेही मनाशी बाळगलेले बरे. मूल खरोखर निर्भय झाले तर ते आपल्या इच्छेपुरतेच निर्भय राहील असे नाही.

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी रुक्मिणीबाईंचे निधन झाले. विनोबा अखेरच्या आजारात जवळ होते. अंत्यसंस्कार पुरोहिताकरवी न करता आपण स्वतः करावा अशी त्यांची इच्छा होती. वडीलधाऱ्यांना ते मान्य झाले नाही, तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. घरीच अध्ययनात बसले. मातेची जागा आता श्रुतीच भरून काढील, या भावनेने त्यांनी त्या दिवसापासून वेदाध्ययन आरंभिले. आईची एक साडी आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती एवढेच त्यांनी सोबत नेले.

आईचे मागणे बारा वर्षांनी पुरे झाले. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात विनोबांनी गीतेचा सुलभ मराठी पद्यानुवाद केला आणि त्यास गीताई हे नाव दिले. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली. १९४० साली गांधीजींनी त्यांची पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवड केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदानाचा प्रारंभ झाला. त्यानंतर तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. तुम्हांला पाच पुत्र असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनमालकांना म्हणत. चाळीस लाख एकरांहून अधिक भूमी दान म्हणून जाहीर झाली. ती सर्वच वाटली गेली नाही, हेही खरे. परंतु आधी दुसऱ्याचा वाटा, मग आपला, हा गागोद्याच्या फणसाचा न्याय देशभर ऐकू गेला. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यातील सुमारे वीस दरोडेखोरांनी या निःशस्त्र वृद्धापुढे शस्त्रे ठेविली. धाकटे बंधू बाळकोबा आणि शिवाजीराव हेही आजन्म ब्रह्मचारी राहून सेवेत व अध्ययनात रमले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनार येथे विनोबांनी देह ठेविला.

प्रत्येक घरी विनोबा जन्मास येणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु रुक्मिणीबाईंनी जे केले त्यातील एकही गोष्ट सामान्य गृहस्थाच्या शक्तीबाहेरची नाही. मूल भ्याले तर त्याला हसू नये. त्याच्यासह भीतीच्या जवळ जाऊन पाहावे. घरात गोड पदार्थ झाला तर पहिला वाटा शेजारी पोहोचविण्यास मुलालाच पाठवावे. जेवणाआधी तुळस असो, गाय असो की खिडकीवरची चिमणी असो, कोणाची तरी विचारपूस होऊ द्यावी. मुलाने आपली चूक दाखविली तर तिचे कारण सांगावे, आणि कारण नसेल तर चूक कबूल करावी. हात उगारू नये. दिवस संपताना आपण कोणावर रागावलो असू तर मुलांच्या देखत त्याची क्षमा मागावी. श्रेष्ठ जे आचरतात तेच इतर लोक आचरतात, असे भगवंतांनी सांगितले आहे. आणि लहान मुलाच्या दृष्टीने श्रेष्ठ म्हणजे त्याचे आईबाप. यांपैकी एखादी गोष्ट आज रात्रीपासूनच करून पाहण्यास कोणती अडचण आहे?